हो-नाहीचा सौदा: वायदा, विमा की सट्टा?

मागच्या अंकात कापसाच्या वायद्यावर, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आज ठरवायच्या सौद्यावर, लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की "अमुक होईल का नाही" यावर पैसे लावायचे जे नवे सौदे निघालेत त्यांना सरसकट जुगार म्हणणं चूक आणि सरसकट मार्केट म्हणणं त्याहून मोठी चूक. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की ह्या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. वारस नोंदीवाल्यांनी अन् सोनेतारणवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबावं. पत्रं थोडी छोटी केलीत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न : आप्पा, मी भुसावळचा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. २०२५ च्या ऑगस्टपर्यंत एका ॲपवर ओपिनियन ट्रेडिंग करायचो, दहा रुपयांचा सौदा, हो किंवा नाही. मग ते बंद झालं. आता हॉस्टेलची पोरं म्हणतात अमेरिकेत हेच कायदेशीर आहे, तिथं त्याला डेरिव्हेटिव्ह, म्हणजे दुसऱ्या कशावर तरी बेतलेला बाजारातला सौदा, म्हणतात, मग आपण क्रिप्टो घेऊन परदेशी साइटवर खेळलं तर काय बिघडलं? एकच वस्तू तिथं शेअर मार्केटसारखी आणि इथं जुगार, असं कसं?

उत्तर : शेवटचा प्रश्न फार चांगला विचारलास, आजचं सगळं त्याच्यावरच आहे म्हणून आधी तोच घेतो.

सौदा कसा असतो ते तुला माहीत आहे, बाकी वाचकांसाठी सांगतो. अमुक तारखेपर्यंत अमुक होईल का, असा प्रश्न. झालं तर "हो"वाल्याला पूर्ण दहा रुपये, नाही झालं तर शून्य. "हो" साडेसहाला मिळतंय म्हणजे "नाही" साडेतीनला, दोन्ही मिळून दहा, आणि मधला ॲपवाला त्याचं कमिशन कापणार. अमेरिकेत दहा रुपयांच्या जागी एक डॉलर, बाकी तेच. साडेसहा भाव बघून लोक म्हणतात बाजाराच्या मते शक्यता ६५ टक्के आहे. यंत्र एवढंच आहे. त्यात पाऊस टाका, व्याजदर टाका, क्रिकेटची मॅच टाका, एखाद्या माणसाचा खून होईल का हे टाका, यंत्राला काही फरक पडत नाही, ते सगळंच चालवतं. म्हणून नुसत्या यंत्राला नाव देऊन काही ठरत नाही, आत काय घातलंय ते बघावं लागतं.

अमेरिकेत हे बघायचं काम कमोडिटी फ्युचर्स ट्रेडिंग कमिशनकडे आहे, त्याला सीएफटीसी म्हणतात. मुळात हे खातं गहू-मका-कापसाच्या वायद्यासाठी. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने त्यांना अधिकार दिला की दहशतवाद, हत्या, युद्ध, गेमिंग किंवा कायद्याने गुन्हा असलेली गोष्ट यावरचे सौदे जनहिताच्या विरुद्ध वाटले तर थांबवा. काल्शी नावाच्या कंपनीला २०२० मध्ये एक्स्चेंज म्हणून मान्यता मिळाली. तिने संसदेवर ताबा कोणत्या पक्षाचा राहील असे सौदे आणायचे ठरवले ते सीएफटीसीने २०२३ मध्ये अडवले, कंपनी कोर्टात गेली, सप्टेंबर २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, आणि मे २०२५ मध्ये सीएफटीसीने अपील सोडून दिलं. कोर्टाने काय बघितलं ते नीट लक्षात घे. निवडणुकीवर पैसे लावणं चांगलं का वाईट हे कोर्टाने ठरवलंच नाही, कायद्यातल्या "गेमिंग" किंवा "बेकायदा कृती" ह्या शब्दांत हे सौदे बसतात का एवढंच बघितलं आणि नाही बसत म्हटलं. मग २०२५ मध्ये मॅचवरचे सौदे आले आणि नेवाडा, न्यू जर्सीसारखी राज्यं म्हणाली की ही तर आमच्या लायसन्सची बेटिंग आहे, आमच्याकडे बंद करा. कंपनी म्हणते हे केंद्राचं डेरिव्हेटिव्ह आहे, राज्यांचा संबंध नाही. म्हणजे "अमेरिकेत कायदेशीर आहे" हे तुझ्या मित्रांचं बोलणं अर्धंच खरं, तिथंही ह्या वस्तूला काय म्हणायचं यावर भांडण आहे.

आपल्याकडे सेबीने, म्हणजे शेअर आणि वायदे बाजाराच्या नियामकाने, २९ एप्रिल २०२५ ला जाहीर सांगितलं की ओपिनियन ट्रेडिंगच्या प्लॅटफॉर्मवर जे विकलं जातं ते सिक्युरिटी, म्हणजे शेअर-रोख्यासारखी वस्तू, नाही, म्हणून आमच्या कक्षेत येत नाही आणि गुंतवणूकदाराला जे संरक्षण असतं ते इथं मिळणार नाही. मग ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात कौशल्य का नशीब हा जुना वादच काढून टाकलाय, पैसे लावून पैसे मिळवायचा ऑनलाइन खेळ म्हटला की बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाहेरच्या देशातून चालवला तरी लागू. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, पण म्हणून तू सुटलास असं समजू नकोस, कारण लॉटरी, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक असल्या गोष्टींसाठी बाहेर पैसे पाठवायला फेमाच्या, म्हणजे परकी चलनाच्या कायद्याच्या, नियमांमध्ये मनाई आहे आणि क्रिप्टोतून गेलास तरी तो पैसा अडकला तर तक्रार करायला दार नाही. नको जाऊस. तुझ्या पत्रात किती गेले ते लिहिलं नाहीस, पण "परत मिळवायचेत" असा वास येतोय मला, म्हणून काळजीने सांगतोय.

प्रश्न : आप्पासाहेब, आमची धरणगावला जिनिंग आहे, तिसरी पिढी. वडील सांगायचे की एके काळी तेजी-मंदी लावणं, म्हणजे थोडे पैसे देऊन ठरल्या भावाने घ्यायचा किंवा विकायचा नुसता हक्क घेणं, गुन्हा होता, आज तोच ऑप्शन एक्स्चेंजवर उघड मिळतो. वायद्यात तरी किती जण गाठी उचलतात? जवळपास सगळे फरक देऊन-घेऊन मोकळे होतात. मग "कापूस अमुक भावावर जाईल का" हा हो-नाहीचा सौदा वायद्यापेक्षा वेगळा कसा? नाव बदललं की झालं का?

उत्तर : नानासाहेब, तेजी-मंदीचं तुमच्या वडिलांचं खरं आहे. १९५२ च्या वायदा कायद्यात मालावरचे ऑप्शन सरळ बंद होते. २०१५ मध्ये वायदा बाजार आयोग सेबीत विलीन झाला, २०१७ मध्ये एमसीएक्स ह्या वायदे एक्स्चेंजवर सोन्याचे ऑप्शन सुरू झाले. काल गुन्हा आज धंदा, हे माणसांनीच ठरवलं. म्हणून तर कसं ठरवायचं हे आपण बोललं पाहिजे, वकील आणि दिल्लीवाले बघून घेतील म्हणून गप्प बसायचं नाही.

पण गाठ उचलली का नाही यावरून जुगार ठरत नाही. हे मी कुठल्या पुस्तकात नाही शिकलो, तुमच्याच गावच्या एका जिनिंगमध्ये अठ्ठावीस वर्षं हिशेब बघितला तिथं शिकलो. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या लागायच्या, कापूस रोखीने घ्यायचा, रुई-सरकी वेगळी व्हायची, १७० किलोची गाठ बांधून गोडावनात, आणि मग गिऱ्हाईक मिळेपर्यंत कधी महिना कधी दोन महिने ती तिथंच. तेवढ्यात खंडीमागे, म्हणजे ३५६ किलोमागे, हजार रुपये तुटले तर शंभर खंडीला लाख रुपये गेले. आमचे मालक त्या दिवसांत रात्री साडेदहाला फोन करून बाहेरचा भाव विचारायचे, मला माहीत नाही हे माहीत असूनही विचारायचे. हा धोका कुठल्या सौद्याने तयार केला नव्हता, कापूस तोलला त्या क्षणी तो अंगावर आला होता. वायदा विकला की तो दुसऱ्याच्या खांद्यावर जातो. समोरच्याने गाठी नाही उचलल्या, पण धोका उचलला, आणि तो उचलायचे पैसे त्याला मिळाले तर मी त्याला जुगारी म्हणणार नाही.

आता मटका बघा. मटक्याचा जन्मच कापसातून झालाय. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे उघडते आणि बंद होते भाव तारेने मुंबईत यायचे आणि त्या भावाच्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते आकडे येणं थांबलं तेव्हा चिठ्ठ्या आणि मडकं आलं. भाव खरा होता, बाजार खरा होता, तार खरी होती. पण भावाचा शेवटचा आकडा ३ आला का ७ आला यावर धरणगावातल्या एकाही गाठीचं काही अडलेलं नव्हतं. न्यूयॉर्कच्या एकाच तक्त्यावरचा पूर्ण भाव जिनिंगवाल्याच्या पोटापाण्याचा आणि त्याच भावाचा शेवटचा आकडा फक्त मटकेवाल्याचा. माझ्या मते नियामकाने पहिली रेघ इथं मारावी: सौदा व्हायच्या आधीपासून हा धोका कोणाच्या तरी अंगावर होता का, का सौद्यानेच तो पैदा केला? कौशल्य आहे का नशीब, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो, मटक्यातही आकडेमोड करून हुशारीने खेळणारे लोक होतेच की.

तुमच्या सौद्याचं म्हणाल तर त्यातला धोका खरा आहे पण भांडं त्या मापाचं नाही. समजा ३१ मार्चला भाव एका रेषेच्या वर का खाली असा सौदा केला, तर रेषेच्या पन्नास रुपये खाली गेला तरी तेवढेच पैसे आणि पाच हजार खाली गेला तरी तेवढेच. तुमचं नुकसान मात्र प्रत्येक रुपयाला वाढत जातं. शिवाय भाव रेषेच्या जवळ घुटमळत असेल तर शेवटच्या पाच मिनिटांत थोडा माल घेऊन-विकून भाव रेषेपलीकडे ढकलायचा मोह होतो, वायद्यात तेवढ्याने फारसं काही पदरात पडत नाही पण हो-नाहीत सगळंच पडतं. म्हणून हा सौदा आणायचाच असेल तर लांब मुदतीचा, खऱ्या व्यापाऱ्यांपुरता, आणि शेवटच्या भावावर न ठरता काही दिवसांच्या सरासरीवर ठरणारा हवा. "अमुक नाणं पुढच्या दहा मिनिटांत वर का खाली" असले जे सौदे ॲपवर होते, ते मला शेवटच्या आकड्याचे सख्खे भाऊ वाटतात.

आणि खरा माल असला म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. १९५५ मध्ये शिकागोच्या बाजारात दोघा जणांनी कांदा कोंडला आणि मग असा पाडला की कांद्यापेक्षा रिकामी गोणी महाग झाली. शेतकऱ्यांनी एवढा आवाज उठवला की १९५८ मध्ये अमेरिकेने कांद्याच्या वायद्यावर कायद्याने बंदी घातली, तो कायदा अजून आहे. आपल्याकडे २० डिसेंबर २०२१ ला सेबीने हरभरा, गहू, सोयाबीन, मोहरी धरून सात शेतमालांचे वायदे थांबवले. ते मला पटलेलं नाही, शेतकऱ्याला पुढचा भाव दिसायची एक खिडकी बंद झाली, पण तो वेगळा लेख होईल.

प्रश्न : आप्पा, रावेर तालुक्यात आमची तीन एकर केळी आहे. फळपीक विम्यात थंडी सलग काही दिवस ठराविक अंशाच्या खाली गेली की पैसे येतात, बागेत येऊन कोणी बघत नाही, केंद्रावरचा आकडा बघतात. पुतण्या म्हणतो, काकू हे पण हो-नाहीच झालं की, फक्त सरकारी. खरं आहे का? आणि हवामानाचे वायदे येणार म्हणतात ते आमच्या कामाचे आहेत का?

उत्तर : ताई, पुतण्याने बरोबर पकडलंय, आणि मी इतकी वर्षं ह्या विषयात असून मला हे उदाहरण सुचलं नव्हतं. हवामानावर आधारलेला विमा कागदावर बघितला तर हो-नाहीचाच सौदा आहे. पारा इतक्या खाली इतके दिवस, हो असेल तर एवढी रक्कम, नसेल तर शून्य. तरी त्याला कोणी जुगार म्हणत नाही, कारण जानेवारीच्या रात्री बांधावर ओला काडीकचरा पेटवून धूर करत बसलेली बाई तुम्ही आहात, मोटर चालू करून बागेत पाणी फिरवताय, आणि तरी पोगा, म्हणजे मधलं कोवळं पान, पिवळा पडतो, निसवायला आलेला घड आतच अडकतो. तुमचं आधीच पणाला लागलेलं आहे. विम्याच्या भाषेत त्याला विमाहित म्हणतात. इंग्लंडमध्ये लोक राजेरजवाड्यांच्या, अनोळखी आजारी माणसांच्या नावावर विमे काढून तो कधी मरतो याची वाट बघायचे, म्हणून १७७४ मध्ये कायदा केला की ज्याच्या जगण्यामरण्यात तुझं हित नाही त्याच्यावर विमा काढता येणार नाही. अडीचशे वर्षांपूर्वी हीच रेघ मारली गेली होती. कागद तोच, शब्द तेच, पण तुमच्या हातात विमा आणि जळगावच्या फ्लॅटमध्ये बसून तुमच्या थंडीवर पैसे लावणाऱ्याच्या हातात सट्टा.

आता अडचण अशी की नियामक प्रत्येकाच्या हातात डोकावू शकत नाही. आणि डोकावलं तरी एक गोष्ट राहते, तुमचा धोका घेणारा कोणी तरी लागतोच, आणि त्याच्याकडे केळी नसणारच. त्याला हाकलून दिलं तर तुम्हाला संरक्षण विकणार कोण? म्हणून माणूस बघण्याऐवजी वस्तू बघायची, की ह्या वस्तूच्या मागे धोका अंगावर असलेला एक खराखुरा वर्ग आहे का. थंडीच्या मागे रावेर, यावल, चोपड्याचे केळीवाले आहेत. पावसाच्या मागे अख्खा खानदेश आहे. म्हणून हवामानाचे सौदे सेबीकडे जावेत असं माझं ठाम मत आहे, आणि सरकारची पावलंही तिकडेच आहेत. २०२४ मध्ये केंद्राने वायद्यासाठी चालणाऱ्या गोष्टींच्या यादीत हवामान घातलं, २०२५ मध्ये एनसीडीईएक्स ह्या शेतमालाच्या एक्स्चेंजने ह्यासाठी हवामान खात्याशी करार केला. शिकागोला असे वायदे १९९९ पासून आहेत.

तुमच्या कामाचे आहेत का, तर एकटीच्या नावावर आज तरी नाही वाटत. विमा हप्त्यात सरकारचा वाटा असतो, वायद्यात पूर्ण पैसे तुमचे. आणि मोठा खड्डा असा की पारा केंद्रावर मोजतात. केंद्र उंचावर, तुमची बाग तापीकाठच्या खोलगट भागात, थंड हवा खाली साचते. केंद्रावर नऊ अंश आणि तुमच्याकडे सहा, म्हणजे बाग गेली आणि सौदा "नाही" निघाला. विम्यातही हेच होतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. गावच्या शेतकरी कंपनीने एकत्र घेतलं, जास्त केंद्रं बसली, तर मात्र विचार करण्यासारखं आहे.

प्रश्न : सर, मी अमळनेरला राज्यशास्त्र शिकवतो. एक्झिट पोल धडाधड पडतात, आणि पैसे लावलेले लोक मात्र विचार करून बोलतात असं संशोधक सांगतात. मग निवडणुकीच्या निकालावर कायदेशीर सौदे असले तर समाजाला खरी माहिती मिळणार नाही का? बंदी घालून आपण ज्ञानच अडवतोय.

उत्तर : सर, माहितीची किंमत मी मानतो. आयोवा विद्यापीठाने १९८८ पासून निवडणुकीचा असा बाजार चालवला, पण तिथं एका माणसाला पाचशे डॉलरच्या वर लावता यायचे नाहीत आणि हेतू शिकवण्याचा होता. तुमच्या कॉलेजने विद्यापीठाच्या परवानगीने, शंभर रुपयांची मर्यादा घालून, असं काही केलं तर मी स्वतः बघायला येईन.

पण मर्यादा काढली की चित्र बदलतं. मी पाऊस पाडू शकत नाही, पण निकाल फिरवू शकणारी माणसं असतात. दोन हजार मतांच्या वॉर्डात पन्नास मतं इकडची तिकडे करायला काय लागतं हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको, आणि आज तो पैसा फक्त उमेदवार लावतो, उद्या ज्याला उमेदवाराचं नावही माहीत नाही तोही लावेल कारण त्याचे दहा लाख "हो"वर आहेत. म्हणून माझी दुसरी रेघ अशी, की घटना ठरवणं ज्यांच्या हातात आहे, किंवा निकाल आधी ज्यांच्या कानावर येतो, ते बाजारात येऊ शकतात का? अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००३ मध्ये पश्चिम आशियातल्या घडामोडींवर असा बाजार काढायचं ठरवलं होतं, हल्ल्यावर सौदे होतील म्हटल्यावर ओरड झाली आणि लगेच गुंडाळला. हल्ला करणाराच "हो" विकत घेऊन बसला तर काय, ह्या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

आणि "घटना झाली का" हे ठरवायचं कोणी, हेही वाटतं तितकं सोपं नाही. २०२५ मध्ये पॉलीमार्केट ह्या परदेशी हो-नाहीच्या साइटवर एक प्रश्न होता, युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की अमुक तारखेच्या आत सूट घालतील का. ते काळं जाकीट घालून आले. तो सूट आहे का नाही यावर वीस कोटी डॉलरहून जास्त उलाढाल झालेल्या सौद्याचा निकाल अडकला, बातम्यांनी सूट म्हटलं, शेवटी निकाल "नाही" लागला. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या फेरमोजणीवर असं झालं तर?

आपल्या कायद्यातली एक गोष्ट तुम्ही वर्गात जरूर सांगा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६-अ नुसार मतदान सुरू झाल्यापासून शेवटचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल छापता-दाखवता येत नाही. निवडणुकीच्या सौद्याचा भाव म्हणजे दर मिनिटाला बदलणारा एक्झिट पोलच झाला. सात टप्प्यांच्या मतदानात पहिल्या टप्प्यानंतर तो भाव सगळ्यांच्या मोबाइलवर असेल आणि एखाद्याने पैसे ओतून तो वर नेला तर नंदुरबारचा मतदार काय समजेल? ह्या एका कारणासाठी सुद्धा मी निवडणूक बाजारात नको म्हणतो, सेबीकडेही नको आणि राज्याच्या लायसन्सवरही नको.

प्रश्न : सर, जळगावहून. सीएची तयारी करतोय. बंदी घातली तर लोक परदेशी साइटवर जातात. त्यापेक्षा सगळे सौदे सेबीकडे देऊन टाकावेत, म्हणजे नियंत्रणही येईल आणि टॅक्सही. तुमचं मत?

उत्तर : पटत नाही, आणि का ते सांगतो. आपल्या घटनेत शेअर बाजार आणि वायदे बाजार केंद्र सूचीत आहेत, नोंद ४८, आणि पैज-जुगार राज्य सूचीत, नोंद ३४. म्हणजे वस्तूला काय नाव दिलं यावर ती दिल्लीची का मुंबईची हे ठरतं. क्रिकेटच्या मॅचला डेरिव्हेटिव्ह म्हटलं की राज्याचा जुगारविरोधी कायदा बाजूला. अमेरिकेत राज्यं आज ह्याच गोष्टीवर कोर्टात आहेत, आपण ते भांडण मुद्दाम का आणायचं?

दुसरं, सेबीचा शिक्का लागला की सामान्य माणूस त्याला गुंतवणूक समजतो. सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की शेअरच्या फ्युचर-ऑप्शनमध्ये तीन वर्षांत १०० पैकी ९३ जणांचं नुकसान झालं, सगळं मिळून १.८ लाख कोटींच्या वर. हा पूर्ण नियंत्रणातला, मार्जिन-क्लिअरिंग, म्हणजे आगाऊ ठेव आणि मधल्या संस्थेची हमी, असलेला बाजार आहे बरं का. ब्रिटनचा अनुभव बघ. तिथं बायनरी ऑप्शन, म्हणजे हेच हो-नाहीचे सौदे पण शेअर-चलनावरचे, आधी जुगार आयोगाच्या ताब्यात होते. जानेवारी २०१८ मध्ये ते वित्तीय नियामकाकडे, एफसीएकडे आले. सव्वा वर्ष झालं नाही तोच एप्रिल २०१९ मध्ये त्याच नियामकाने सामान्य ग्राहकाला ते विकायला कायमची बंदी केली. नाव बदलून वस्तू बदलली नाही हे त्यांना आत आल्यावर दिसलं.

माझं म्हणणं असं की प्लॅटफॉर्मला एकदा लायसन्स देऊन मोकळं होऊ नये, एकेक सौदा तपासावा. धोका आधीपासून कोणाच्या अंगावर आहे, निकाल कोणाच्या हातात नाही, आणि तो सरकारी आकड्यावरून वाद न होता ठरतो, असा सौदा, म्हणजे पाऊस, पारा, पिकाचा अंदाज, महागाईचा आकडा, हा डेरिव्हेटिव्ह म्हणून सेबीकडे, खऱ्या मार्जिनवर आणि प्रत्येकाला मर्यादा घालून. महागाईच्या आकड्याला आणखी एक अट, आकडा बाहेर यायच्या आधी सौदे बंद, कारण तो आधी बघणारी माणसं असतात. मॅच, रिॲलिटी शो, कोणी कुठला शब्द बोलेल का, ही पैज, तिला पैज म्हणूनच राज्याने हाताळावं. निवडणूक, युद्ध, मृत्यू, गुन्हा हे कोणाकडेच नको. २०२५ चा कायदा मला एका बाबतीत अपुरा वाटतो, तो "खेळ" ह्या शब्दावर उभा आहे, आणि उद्या पावसाचा सौदा खेळ आहे का नाही यावर कोर्टात दिवस जातील. सेबी फक्त "हे आमचं नाही" म्हणाली. कोणतं आमचं होऊ शकतं हे तिने लिहून द्यायला हवं, नाहीतर केळीवाल्याचा सौदा आणि मॅचवाल्याचा सौदा एकाच कचऱ्यात जाईल. परदेशी साइटचं म्हणशील तर लोक जातात हे खरं, पण म्हणून इथं दुकान उघडा हे कारण मला दारूच्या बाबतीतही पटलं नव्हतं.

प्रश्न : राम राम आप्पा. साक्री तालुक्यातून लिहितोय. मुलाने मित्राकडून चाळीस हजार उसने घेऊन अशाच एका ॲपवर लावले. ॲप बंद पडलं. त्याच्या खात्यात अकरा हजार दिसतात पण निघत नाहीत, आणि मित्र रोज दारात येतो. काय करानं, सांगा आप्पा.

उत्तर : दादा, आधी मुलाला रागावणं थांबवा, तो आधीच घाबरलेला असणार.

अकरा हजारांत दोन प्रकारचे पैसे असतील. जे भरले पण अजून कुठल्या सौद्यात लावले नव्हते ते सरळ तुमचे आहेत, ते लेखी मागा. जे जिंकलेले म्हणून दिसतात त्यांचं अवघड आहे, कारण १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० सांगतं की पैजेचा करार रद्दबातल, आणि पैजेत जिंकलेले पैसे कोर्ट वसूल करून देत नाही. १९५९ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की पैजेचा करार रद्दबातल असतो पण तेवढ्याने बेकायदा होत नाही, म्हणजे त्यामागचे उसनवारीसारखे व्यवहार एरवी टिकू शकतात. पण जुन्या मुंबई इलाख्यात, आणि खानदेश त्यातलाच, १८६५ चा एक कायदा आहे, त्यामुळे पैजेसाठी दिलेले उसने पैसे सुद्धा कोर्टातून वसूल होत नाहीत. मित्राला माहीत होतं का पैसे कशासाठी चाललेत, यावर तो मुद्दा राहील, साक्रीला वकिलाला पत्र दाखवा. पण मित्राला हा कायदा तोंडावर फेकू नका. त्याने विश्वासाने दिलेत, महिन्याला दोन-तीन हजार असं कागदावर ठरवून टाका, रोजचं दारात येणं त्यानेच थांबेल.

ॲपवाल्यांच्या ईमेलवर मुलाच्या नोंदवलेल्या ईमेलवरूनच लिहा, रक्कम, तारीख, यूपीआयचा व्यवहार क्रमांक घाला. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर बँकेत लेखी तक्रार द्या. आणि ॲपच बनावट निघालं, किंवा "आधी टॅक्स भरा मग पैसे सोडतो" असा फोन आला, तर एक रुपया न भरता लगेच १९३० ला फोन करा. हे सगळं करायच्या आधी आजच्या आज ॲप उघडून खात्याचा, व्यवहारांच्या यादीचा स्क्रीनशॉट घ्या आणि भाच्याच्या नाहीतर कोणाच्या तरी दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा. ॲप काढून टाकू नका, फोन फॉरमॅट करू देऊ नका.